पुस्तके जाळणारे बंबवाले आणि महाडची आग

घंटा घणघणते, गुळगुळीत खांबावरून माणसे सरसर खाली उतरतात आणि बंबाची लाल गाडी रस्त्याला लागते. आपल्याकडे बंब निघाला की कुठेतरी आग लागली असे आपण समजतो. ही गाडी मात्र आग लावायला निघालेली आहे. ती एका इमारतीपुढे थांबते. काळ्या गणवेशातली माणसे एका घरात शिरतात, छताला टांगलेल्या दिव्याच्या हंडीत हात घालतात, टीव्हीचे खोके उघडतात आणि तिथे दडवलेली पुस्तके काढून खाली आणतात. रस्त्यावर ढीग रचला जातो. एकजण अंगात आगीपासून वाचवणारा पोशाख चढवतो, नळी रोखतो आणि ढीग पेटतो. जमलेली माणसे गप्प उभी राहून बघतात.

‘फॅरनहाइट ४५१’ या चित्रपटाची ही सुरुवात. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी तो १९६६ साली इंग्लंडमध्ये, इंग्रजी भाषेत केला. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. कागद ज्या उष्णतेला आपोआप पेट घेतो ती उष्णता फॅरनहाइटच्या मापाने ४५१ अंश, म्हणजे आपल्या सेल्सियसच्या मापाने सुमारे २३३, असे ब्रॅडबरींनी धरले आणि तोच आकडा पुस्तकाला नाव म्हणून दिला.

मध्यंतरी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही हा चित्रपट मुलांना दाखवला. भिंतीवर पांढरी चादर ताणली. बोलणे इंग्रजी, म्हणून मधून मधून थांबवून आम्ही मराठीत सांगत होतो. मागे आयाबायाही बसल्या होत्या. चित्रपट संपला, दिवे लागले आणि नववीतल्या एका मुलीने हात वर केला.

“दादा, पुस्तकं जाळणारे वाईट, असं दाखवलंय ना यात? मग आपण मनुस्मृती जाळली, ते?”

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. दोनचार मोठ्या मुलांनी तिच्याकडे रागाने पाहिले. आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते घाईचे होते. घरी आल्यावर कादंबरी पुन्हा काढली, चित्रपट पुन्हा पाहिला. त्या मुलीला आणि वाचकांनाही आता नीट सांगावेसे वाटते. पण त्यासाठी आधी ही दोन्ही कामे, पुस्तक आणि चित्रपट, एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवीत.

गोष्ट थोडक्यात अशी. भविष्यकाळातले एक शहर आहे. घरे न पेटणारी झाली आहेत, त्यामुळे बंबवाल्यांना आग विझवायचे काम उरलेले नाही. त्यांना नवे काम दिले आहे, पुस्तके शोधून जाळण्याचे. माँटॅग हा असाच एक बंबवाला. काम इमानेइतबारे करतो, बढती जवळ आली आहे. त्याला शेजारची क्लॅरिस ही मुलगी भेटते आणि साधेच प्रश्न विचारते. तू कधी ही पुस्तके वाचलीस का? तू सुखी आहेस का? पुढे एका म्हातारीच्या घरावर धाड पडते. ती पुस्तके सोडून बाहेर यायला नकार देते, स्वतःच्या हाताने काडी ओढते आणि पुस्तकांसह जळून जाते. माँटॅग हादरतो. तो चोरून पुस्तके घरी आणतो, वाचू लागतो, त्याची स्वतःची बायकोच त्याच्याविरुद्ध कळवते. शेवटी तो आपल्या साहेबाला जाळून पळतो आणि शहराबाहेर रानात राहणाऱ्या माणसांना जाऊन मिळतो. या माणसांनी एकेक पुस्तक तोंडपाठ केलेले असते.

ब्रॅडबरींचे कुटुंब गरीब. १९३८ साली शाळा संपली, कॉलेजला पैसे नव्हते. त्यांनी लॉस एंजलिसच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकली आणि सार्वजनिक वाचनालयात बसून वर्षानुवर्षे वाचन केले. आपले शिक्षण वाचनालयात झाले असे ते जन्मभर अभिमानाने सांगत. ही कादंबरीही वाचनालयातच लिहिली गेली. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात टाइपरायटर भाड्याने मिळत. अर्ध्या तासाला दहा सेंट टाकायचे आणि यंत्र बंद व्हायच्या आत टाइप करायचे. पहिला खर्डा नऊ दिवसांत, सुमारे पावणेदहा डॉलर नाण्यांनी भरून तयार झाला. तो १९५१ साली एका मासिकात दीर्घकथा म्हणून आला आणि मग वाढून कादंबरी झाली. आमच्या अभ्यासिकेत रात्री अकराला दिवे घालवायची वेळ आली की ‘अजून दहा मिनिटे’ म्हणणारी पोरे आहेत, त्यांना हा माणूस चटकन कळेल.

त्रुफोंचीही तऱ्हा तीच. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पोरवयात सुधारगृहात राहावे लागले. पुस्तके आणि सिनेमा यांनी त्यांना तारले. म्हणून की काय, ‘पुस्तक ही वस्तू हातात धरल्यावर माणसाला काय होते’ हे त्यांना ब्रॅडबरींपेक्षाही चांगले दाखवता आले आहे, असे आमचे मत आहे.

चित्रपटाच्या आरंभी नावे येतात ना, अमुक दिग्दर्शक, तमुक संगीत, ती इथे लिहून येतच नाहीत. घरांच्या छपरांवरचे टीव्हीचे अँटेना एकामागून एक दिसतात आणि एक आवाज नावे वाचून दाखवतो. ज्या जगात वाचणे गुन्हा आहे तिथे अक्षर दिसणार कसे? माँटॅग घरी वर्तमानपत्र चाळतो तेव्हा त्यात फक्त चित्रे असतात, एक शब्द नसतो. बागेत साहेब लोकांच्या झडत्या घेत फिरतो आणि एका तान्ह्या बाळाच्या कपड्यांतून बोटाएवढे पुस्तक काढून त्याला बोट दाखवून दटावतो. आमच्याकडची मुले इथे हसली, आया हसल्या नाहीत.

आणि मग ते पहिल्या वाचनाचे दृश्य. रात्री बायको झोपलेली. माँटॅग चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ उघडतो. मोठा, सरकारी नोकरीतला माणूस, पण पहिलीतल्या पोरासारखा ओळीखाली बोट सरकवत वाचतो. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, चित्रे कोणाची, प्रकाशक कोण, पत्ता काय, सगळे. आपण ते पान न वाचताच उलटतो. त्याला कुठला शब्द महत्त्वाचा आणि कुठला नाही हे अजून ठाऊक नाही. त्याच्या लेखी सगळी अक्षरे सारखीच मोलाची. ज्यांनी प्रौढ साक्षरता वर्गात आपल्या आईला किंवा सासूला बसलेले पाहिले आहे, बसच्या पाटीवरचे नाव पहिल्यांदा स्वतः वाचल्यावर तिचा चेहरा पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. आपले वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले. तोवर त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. कादंबरीत या पहिल्या वाचनाला फारशी जागा नाही. तिथे माँटॅग अस्वस्थ असतो, रागावतो, पण ते सरकणारे बोट तिथे नाही.

दुसरा मोठा बदल बायकोचा. कादंबरीत तिचे नाव मिल्ड्रेड, चित्रपटात लिंडा. कादंबरीतल्या दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे तीन टीव्ही आहेत आणि तिला चौथी भिंत हवी आहे. किंमत दोन हजार डॉलर, नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. भिंतींवरच्या पात्रांना ती आपले कुटुंब म्हणते. मालिकेची संहिता तिला घरी पाठवतात, त्यात तिच्यासाठी एकदोन वाक्ये मोकळी सोडलेली असतात. ती वेळेवर बोलली की भिंतीवरची माणसे मान डोलावतात. बिचारीला वाटते आपल्याला कोणी विचारले. चित्रपटात हे दृश्य फार बोचरे झाले आहे. पडद्यावरचे दोघे वळून विचारतात, लिंडा, तुझे काय मत? दिवा लागतो, ती घाईघाईने काहीतरी बोलते, आणि नाटक जसे चालायचे तसेच चालू राहते. हे १९५३ साली लिहिलेले आहे हे लक्षात घ्या, तेव्हा टीव्ही अमेरिकेतही नवा होता. आज हातातल्या मोबाइलवर कोणी ‘तुमचे मत कळवा’ म्हणतो आणि आपण अंगठा दाबतो, तेव्हा आम्हाला लिंडा आठवते. आमच्याच घरातली माणसे आठवतात म्हणा ना. स्वतःलाही यातून वगळत नाही.

त्रुफोंनी आणखी एक गंमत केली. लिंडा आणि क्लॅरिस, म्हणजे न वाचणारी बायको आणि प्रश्न विचारणारी मुलगी, या दोन्ही भूमिका ज्युली ख्रिस्ती या एकाच अभिनेत्रीला दिल्या. एकीचे केस लांब, दुसरीचे आखूड, एवढाच काय तो फरक. पुष्कळ समीक्षकांना हे पटले नाही. आम्हाला मात्र पटले. कादंबरीत मिल्ड्रेड ही जवळजवळ टवाळीची धनी होते, जणू बाईमाणूस म्हणजे टीव्ही आणि झोपेच्या गोळ्या. एकच चेहरा दोघींना दिल्याने वाटते की लिंडाही क्लॅरिस होऊ शकली असती, तिला कोणी विचारलेच नाही. कादंबरीत क्लॅरिस लवकरच नाहीशी होते, मोटारीखाली गेली असे कानावर येते. चित्रपटात ती जिवंत राहते आणि शेवटी रानातल्या माणसांत भेटते. स्वतः ब्रॅडबरींना हा बदल इतका आवडला की पुढे नाटक लिहिताना त्यांनीही तिला जिवंत ठेवले.

चित्रपटाची उणी बाजूही आहेच. त्रुफोंना इंग्रजी बेताचेच येत होते, संवाद कोरडे झाले आहेत. माँटॅगचे काम करणारा ऑस्कर वर्नर आणि त्रुफो यांचे चित्रीकरणात बिनसले, आणि ते थोडे पडद्यावरही जाणवते. कादंबरीतला आठ पायांचा यांत्रिक कुत्रा, जो वासावर माणूस हुडकून त्याला सुई टोचतो, चित्रपटात नाही. शेवटी शहरावर पडणारे बाँब नाहीत. आणि सगळ्यात मोठे नुकसान म्हणजे फेबर नावाचा म्हातारा प्राध्यापक नाही. विद्यार्थीच उरले नाहीत म्हणून त्याचे कॉलेज चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेले. हे सगळे येताना मला दिसत होते, बोलता येत होते तेव्हा मी बोललो नाही, अशी कबुली तो देतो. शिकल्या-सवरलेल्या माणसाची अशी कबुली आम्ही फार थोड्या पुस्तकांत वाचली आहे.

आता कॅप्टन बीटीकडे वळू, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचा खरा धागा त्याच्या हातात आहे.

बीटी हा माँटॅगचा साहेब. त्याने स्वतः भरपूर वाचलेले आहे, तरी तो पुस्तके जाळतो. कादंबरीत माँटॅग आजारी म्हणून घरी पडलेला असताना तो येतो, पाइप पेटवतो आणि हे सारे कसे घडले ते सांगतो. हुकूम सरकारकडून आलाच नाही, असे त्याचे म्हणणे. लोकांनाच मोठी पुस्तके नकोशी झाली. ग्रंथांचे सारांश झाले, सारांशांचे चार ओळींचे टिपण झाले. मग प्रत्येक गटाच्या भावना दुखावू लागल्या. एका पुस्तकाने काळ्या लोकांना वाईट वाटते, जाळा. दुसऱ्याने गोऱ्यांना वाईट वाटते, तेही जाळा. इथे तो गुलामगिरीविरुद्धच्या ‘अंकल टॉम्स केबिन’चे नाव घेतो. जितके अल्पसंख्याक जास्त तितके जाळणे जास्त, असा त्याचा हिशोब.

बीटी हा खलनायक आहे, तेव्हा त्याचे बोलणे म्हणजे लेखकाचे मत नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ब्रॅडबरींनी १९७९ साली याच पुस्तकाला जोडलेल्या मजकुरात जवळपास हीच तक्रार स्वतःच्या नावाने केली. त्यांचा राग समजण्यासारखा होता. त्यांच्याच प्रकाशकाने शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत त्यांना न विचारता ठिकठिकाणी शब्द आणि वाक्ये बदलली होती, आणि ती कापलेली आवृत्ती वर्षानुवर्षे विकली जात होती. पुस्तके जाळण्याविरुद्धचे पुस्तकच कापले गेले! आपल्याला लाहोरचा जातपात तोडक मंडळ आठवावा. १९३६ साली त्यांनी बाबासाहेबांच्या भाषणातला काही भाग वगळायला सांगितला. बाबासाहेब एक स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ असे जगासमोर आले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

तेव्हा ब्रॅडबरींचा राग मान्य. पण त्यांनी सांगितलेला इतिहास आम्हाला मान्य नाही. त्यांच्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामाला अक्षरे शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस हा पुढे प्रसिद्ध झालेला काळा नेता लहानपणी गुलाम होता. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तेव्हा मालकाने ते बंद पाडले. मग तो रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्या बदल्यात अक्षरे शिकला. १८४५ साली त्याने हे सगळे आत्मचरित्रात लिहिले. म्हणजे अमेरिकेत पुस्तकांवरची बंदी टीव्हीने आणली नव्हती आणि भावना दुखावलेल्या अल्पसंख्याकांनीही नव्हती. ती फार आधीपासून होती, एका जातीच्या माणसांसाठी होती, आणि ती पाळायला बंबवाले लागत नव्हते. ब्रॅडबरींच्या शहरात हा इतिहासच नाही. त्यांच्या लेखी एके काळी सगळे वाचत होते आणि मग सगळ्यांचे वाचन थांबले. आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा, ‘सगळे’ म्हणजे कोण?

(२०१८ साली अमेरिकेत याच कादंबरीवर पुन्हा एक चित्रपट झाला. त्यात माँटॅगचे काम मायकेल बी. जॉर्डन या काळ्या अभिनेत्याने केले आहे. निवड चांगली, पण त्या निवडीतून जो प्रश्न उभा राहायला हवा होता तो चित्रपट फारसा विचारत नाही.)

त्रुफोंच्या चित्रपटात बीटीचे हे भाषण म्हातारीच्या छुप्या ग्रंथालयात होते. एकेक पुस्तक उचलून साहेब त्याचे दोष सांगत जातो, आणि एका क्षणी त्याच्या हातात हिटलरचे ‘माइन काम्फ’ दिसते. त्रुफो त्यावर काही भाष्य करत नाहीत. कॅमेरा ते पुस्तक दाखवतो एवढेच. बघणाऱ्याला प्रश्न पडतोच. १० मे १९३३ रोजी ज्याच्या अनुयायांनी बर्लिनच्या चौकात हजारो पुस्तके जाळली, त्याचे पुस्तक जाळले तर काय वाईट? नववीतल्या मुलीने विचारले तेच हे.

तर, महाड. २५ डिसेंबर १९२७. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली होती. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा कोणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. रात्री ग्रंथ अग्नीत गेला. पुढे टीका झाली तेव्हा बाबासाहेबांनी विलायती कापडाच्या होळीचा दाखला दिला. त्या कापडात काही विष होते म्हणून लोक ते जाळत नव्हते. ते ज्या सत्तेचे चिन्ह होते ती सत्ता नाकारण्यासाठी जाळत होते.

आम्ही त्या मुलीला हे एवढेच सांगितले होते. आता पुढचे सांगतो.

महाडच्या दुसऱ्या दिवशी मनुस्मृती दुकानातून नाहीशी झाली नाही. कोणी घरोघर फिरून प्रती जप्त केल्या नाहीत. ती वाचली म्हणून कोणाला धरले नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे स्वतः बाबासाहेबांनी ती वाचायची सोडली नाही. १९४६ सालच्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात पाहा, १९५१ साली हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिलेल्या लेखात पाहा, अध्याय आणि श्लोकाच्या आकड्यांसह ते मनूला उभा करतात. ब्रॅडबरींच्या शहरात पुस्तक जाळतात ते कोणी वाचू नये म्हणून. मनूचे पुस्तक बाबासाहेबांनी जाळले आणि मग आयुष्यभर लोकांना ते वाचून दाखवले, की पाहा यात काय लिहिले आहे.

आणि जाळणारे कोण होते? बंबवाल्यांच्या मागे राज्य आहे, कायदा आहे, गाडी आहे, पगार आहे. महाडला जमलेल्या माणसांना गावच्या तळ्याचे पाणी मिळत नव्हते. वेद कानावर पडण्याचीही त्यांना मनाई होती. इथे एक गोष्ट नीट सांगून ठेवतो, कारण आपल्या सभांतून ती अनेकदा चुकीची सांगितली जाते. शूद्राने वेद ऐकला तर कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, हे वचन मनुस्मृतीतले नाही. ते गौतम धर्मसूत्रात आहे. पुढे तिथेच म्हटले आहे की त्याने वेद उच्चारला तर जीभ कापावी, आणि लक्षात ठेवला तर शरीर तोडावे. विरोधक अशा चुकीवर बोट ठेवतात, तेव्हा आपण ग्रंथाचे नाव बरोबर घ्यावे.

पण त्यातली तिसरी शिक्षा पाहिलीत का? लक्षात ठेवण्याची.

इथून आम्ही रानातल्या माणसांकडे येतो. कादंबरीत हा भाग शेवटी घाईने आला आहे, वर बाँब पडतात आणि शहर क्षणात राख होते. चित्रपटात तो सावकाश आहे आणि पाहणाऱ्याच्या मनात तोच राहतो. आगगाडीच्या जुन्या रुळांपलीकडे नदीकाठी माणसे फिरत आहेत, ओठ हलत आहेत. कोणी भेटले की माणूस आपले नाव सांगत नाही, पुस्तकाचे नाव सांगतो. मी अमुक ग्रंथ. हे दोघे जुळे भाऊ, एकाच कादंबरीचे दोन भाग. पाठ झाले की ते स्वतःच पुस्तक जाळून टाकतात, कोणाला सापडू नये म्हणून! दोन्हीकडे हे आहे, कादंबरीत आणि चित्रपटातही. ग्रंथावर जीव टाकणारी माणसेही ग्रंथ जाळतात. त्या मुलीला हे दृश्य आम्ही पुन्हा दाखवणार आहोत.

चित्रपट पाहून परदेशातल्या लोकांना ही कल्पना नवलाची वाटली. आपण बौद्धांनी नवल करायचे कारण नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती राजगृहाला भरली. आनंदाने धम्म म्हणून दाखवला, उपालीने विनय, आणि पाचशे भिक्खूंनी तो धरून ठेवला. त्यानंतर कितीतरी शतके तो लिहिलेलाच नव्हता. भिक्खूंचे गट पाडलेले असत, कोणी दीघनिकायाचे भाणक, कोणी मज्झिमनिकायाचे भाणक. भाणक म्हणजे म्हणणारा. एखाद्या विहारात पाहुणा भिक्खू आला की तो कशाचा भाणक आहे यावरून त्याची ओळख. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि लढाया यांनी भिक्खू मरू लागले. माणसांबरोबर ग्रंथही जातील अशी भीती वाटली, तेव्हा अलुविहार येथे त्रिपिटक ताडपत्रांवर उतरले. बाबासाहेबांनी दादरला पुस्तकांसाठी घर बांधले, त्याचे नाव ‘राजगृह’ ठेवले.

आणि आपल्या आया? अक्षरओळख नसलेल्या बायांनी जात्यावर बसून भीमरावाच्या ओव्या रचल्या. त्यांचा जन्म, रमाईचे कष्ट, दीक्षेचा सोहळा, सगळे त्यात आले. कोणी छापले नाही तरी ते लेकीसुनांच्या तोंडी राहिले. धर्मसूत्राने लक्षात ठेवण्याला शिक्षा लावली होती. ती या बायांना लागू पडली नाही, कारण धर्मसूत्र लिहिणाऱ्यांना जात्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या वाङ्मयाचा चौथा खंड काढला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरील भागावरून गदारोळ झाला, तो भाग काढून टाका म्हणून मागणी झाली, ग्रंथ जाळलाही गेला. तेव्हा फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लाखो माणसांचा मोर्चा निघाला. गिरणीत, गोदीत, सफाई खात्यात राबणारी माणसे खाडे करून आली होती. त्यांच्यातल्या किती जणांनी तो इंग्रजी खंड वाचला असेल? पुष्कळांना वाचताच येत नव्हते. तरीही एका पुस्तकातला एक भाग पुस्तकातच राहावा यासाठी ती रस्त्यावर उतरली. तो भाग राहिला, शासनाचा त्याच्याशी सहमत नसल्याचा खुलासा जोडून का होईना. चित्रपटात असा मोर्चा नाही. ब्रॅडबरींच्या शहरातली माणसे पुस्तक जळताना नुसती उभी राहतात.

चित्रपटाचा शेवट बर्फात होतो. चित्रीकरणाच्या वेळी अचानक बर्फ पडला आणि त्रुफोंनी तसेच काम चालू ठेवले. एका झोपडीत मरणाला टेकलेला म्हातारा आपले पुस्तक एका मुलाला म्हणून दाखवतो, मुलगा मागून म्हणतो, एखादे वाक्य चुकते, म्हातारा पुन्हा सांगतो. पुढच्या दृश्यात म्हातारा नाही, पोरगा एकटा बर्फातून ते म्हणत चालला आहे. आमच्या हॉलमधल्या दोन आजीबाई तिथे डोळे पुसत होत्या.

त्या दिवशी प्रश्नोत्तरे संपल्यावर आम्ही मुलांना विचारले, तुम्ही रानात गेलात तर कोणते पुस्तक व्हाल? एक मुलगा ताडकन म्हणाला, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. किती पाठ आहे विचारले तर डोके खाजवू लागला. एकाने ‘संविधान’ म्हटले, एकीने ‘धम्मपद’, एका छोट्याने पाढ्यांचे पुस्तक. सगळे हसले. ती नववीतली मुलगी गप्प होती. चपला घालताना ती आमच्याजवळ आली.

“दादा, मनुस्मृती कोण होणार?”

“ती कशाला हवी आपल्याला?”

“कोणीतरी पाठ करायला पाहिजे ना. नाहीतर उद्या म्हणतील, असं काही लिहिलंच नव्हतं.”

तिची आई खालून हाक मारत होती. आम्ही चादर उतरवून घडी घातली. अभ्यासिकेच्या कपाटात मनुस्मृतीची मराठी भाषांतरासह एक प्रत आहे, धूळ खात पडलेली. दुसऱ्या दिवशी तिने ती स्वतःच्या नावावर घरी नेली.